टाकीला हात लावण्याआधी

तुमच्या शोकेसमध्ये, काचेच्या बाहुलीशेजारी, एक शंख ठेवलेला असेल. पांढरा, गुळगुळीत, अंगावर तपकिरी ठिपके. कुठल्या तरी सहलीत किनाऱ्यावरच्या टपरीवरून घेतलेला. मला एवढंच विचारायचं आहे: त्या घरात जी राहत होती, ती कुठे गेली?

विचारलंय कधी? शंख म्हणजे दगड नव्हे. ते बांधकाम आहे. एका समुद्री गोगलगाईने स्वतःच्या अंगातून काढून, वळसा वळसा वाढवत बांधलेलं घर. ते तुमच्यापर्यंत यावं म्हणून कुणीतरी तिला उकळत्या पाण्यात टाकलं, आकडीने ओढून बाहेर काढलं, घर धुतलं, पुसलं आणि विकलं. राहत्या घरातून माणसं हुसकावण्याविरुद्धच्या घोषणा मी लहानपणापासून ऐकत आले आहे, त्यामुळे हा विषय निघाला की माझा आवाज चढतो. माफ करा. किंवा नका करू, पण पुढचं ऐका.

माझं पोट याच गोगलगाईंवर चालतं. मारून नाही, वाढवून. रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, एका खाडीच्या मुखाशी आमची शेड आहे. पूर्वी तिथे कोळंबीचं बी तयार व्हायचं. ते बंद पडलं, पत्रे गंजले, टाक्यांत बेडूक राहायला आले. मग गावातल्या बायकांच्या गटाने ती शेड ग्रामपंचायतीकडून वर्षाच्या कराराने घेतली. गटाची प्रमुख हिरामावशी, कोळीवाड्यातली. फरीदा मोहल्ल्यातली, ती पिल्लांचं खाणं तयार करते. आणि टाक्या सांभाळते मी, प्रज्ञा, मूळची तळा तालुक्यातली, इथे बौद्धवाडीत आत्याकडे राहणारी. आम्ही गोगलगाईंची अंडी मिळवतो, पिल्लं वाढवतो आणि खाडीत जाळीचं कुंपण घालून त्यांची शेती करणाऱ्यांना देतो. आपल्याकडे हा प्राणी फारसा कुणी खात नाही, पण परदेशात त्याला मान आहे. म्हणून समुद्राचा तळ खरवडून तो उचलला जातो आणि दरवर्षी नाखवे म्हणतात, "औंदा कमी गावली." शेतीला बियाणं लागतं. समुद्रातल्या शेतीलाही लागतं. ते समुद्रातूनच ओरबाडून आणलं, तर तिला शेती का म्हणायचं?

माझे वडील प्राथमिक शिक्षक. शाळा सुटली की ते चळवळीची पत्रकं लिहायचे आणि मी ओट्यावर बसून त्यांच्या घड्या घालायचे. मी वाचायला शिकले ती 'बंधू-भगिनींनो' या शब्दावर. त्यामुळे माझं बरंच बोलणं उद्गारचिन्हावर संपतं. या लेखातली काही संपादकांनी काढली आहेत, काही राहिली असतील.

नोकरी लागल्याचं सांगितलं तेव्हा वडील खूश झाले. आत्या मात्र हसत सुटली. "अगो, आमी भाजीच्या वाफ्यात मीठ टाकून मारतो त्यांना. आनी तू खाऱ्या पान्यात पोसनार? वाडीत कुनाला सांगू नको."

मी सगळ्या वाडीला सांगितलं.

आता कामाबद्दल. आधी लागतात त्या आया. त्या समुद्रातूनच आणाव्या लागतात, कोळंबीच्या जाळ्यात सापडलेल्या, धडधाकट आणि जिवंत. पहिल्यांदा एका नाखव्याला सांगितलं आणि त्याने टोपलीभर आणल्या. इतक्या लखलखीत की डोळे दिपले. ठिपका न् ठिपका उठून दिसत होता.

"मुलगी दाखवायला आनावी तशी नटवून आनलीय ताई," तो म्हणाला.

"कशाने धुतल्यात?"

"हिरीच्या पान्यानं. चांगली तीनदा अंघोळ घातली. चिखलात लडबडलेल्या तुमच्या हातात कशा देऊ?"

त्याच्या घरची रीत तीच. पाहुण्याकडे न्यायचं म्हावरं स्वच्छ धुऊन न्यायचं. पण समुद्री गोगलगाईला गोडं पाणी म्हणजे विष. शंखाच्या तोंडाशी तिला एक झाकण असतं, नखासारखं कडक. संकट आलं की ती आत शिरते आणि हे दार घट्ट लावून घेते. टोपलीतल्या सगळ्यांनी दारं लावून घेतली होती. आम्ही त्यांना खाऱ्या पाण्यात ठेवलं, वाट पाहिली. पुन्हा उघडली ती थोड्यांचीच. नाखव्याचा चेहरा पाहवेना. पुढच्या खेपेला तो समुद्राच्या पाण्याने भरलेली बादली घेऊन आला आणि दारातूनच ओरडला, "ताई, हे बगा, ह्या टायमाला सगळ्या पारोशा!"

आई रुळली की वाळूत अंडी घालते. अंडी म्हणजे सुटा दाणा नव्हे. पारदर्शक, लांबट कुप्या. प्रत्येक कुपी एका दांडीवर उभी, जणू कुणी काचेचे इवलेसे पेले वाळूत रोवून ठेवलेत. एकेका कुपीत शेकडो ठिपके. ठिपके काळसर होऊ लागले की समजायचं, आत हालचाल सुरू झाली. मग कुपीचं तोंड उघडतं आणि पिल्लं पाण्यात निघतात. ती आईसारखी मुळीच दिसत नाहीत. डोक्यावर दोन पसरट कान असल्यासारखे पंख, त्यांना केसांची झालर. ती झालर फडफडवत ती पोहतात. भिंगाखाली पहिल्यांदा दाखवलं तेव्हा हिरामावशी किती तरी वेळ डोळा काढेना. मग म्हणाली, "ह्या तर नाचतायत गो. आईला चालायला येत न्हाय, आनी ह्या नाचतायत."

नाचणाऱ्यांना खायला लागतं डोळ्यांना न दिसणारं शेवाळ. ते फरीदाच्या खोलीत, दिव्यांखाली, काचेच्या बरण्यांत वाढतं. रंग थेट चहाचा. फरीदा रोज सकाळी बरणी उजेडासमोर धरून ठरवते की आजचा चहा कडक झाला की पातळ. एकदा तिच्या नणदेने खरोखरच कपात ओतून घेतला होता. "तौबा! तोंडाला लावायच्या आधी हात मारून पाडला मी," फरीदा सांगते. "तिला काय झालं असतं सोड, माझी आख्खी बरणी वाया गेली असती."

नंतर एके दिवशी पिल्लं नाचायचं थांबवतात. पंख गळतात, अंगाला वजन येतं, ती तळाशी बसतात आणि चालू लागतात. आता त्यांना शेवाळ नको, मांस हवं. बारीक वाटलेली मासळी दिली की वाळूतून सोंडा बाहेर येतात. इथे सुटलो असं वाटतं आणि इथेच खरी रड सुरू होते. कारण चालायला येताच त्यांना भिंत चढायची असते. पाण्याच्या रेषेपर्यंत, मग रेषेच्या वर, कोरड्या सिमेंटवर. वर गेली की सुकून मरतात. म्हणून आम्ही टाकीच्या काठाशी भोकं पाडलेला पाइप फिरवला आहे. भिंत सतत ओली राहते. तरी काही चढतातच. त्यांना कोंबडीच्या पिसाने अलगद खाली लोटावं लागतं, दिवसभर, पाळीपाळीने.

माझी पंचाईत लक्षात घ्या. खालच्यांनी वर चढावं म्हणून ज्या घरात पत्रकं लिहिली गेली, त्या घरची मुलगी पगार घेऊन वर चढणाऱ्यांना खाली लोटते! वडिलांना हे सांगितलं तर ते गंभीरपणे म्हणाले, "वर पाणी पोहोचव, मग चढू दे." पाइप लावायची कल्पना अशी सुचली. सगळं श्रेय त्यांना देत नाही, पण अर्धं देते.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले, ते सांगते.

आमचा सगळ्यात मोठा वैरी पाऊस आहे. पावसाळ्यात डोंगरावरचं सगळं पाणी खाडीत उतरतं आणि खाडी गोडी होते. त्या दिवसांत पंप लावून पाणी घेतलं तर नाखव्याच्या टोपलीचीच गत. म्हणून पावसाआधी, उधाणाच्या भरतीला, आम्ही साठवणीच्या टाक्या भरतो, पाणी वाळूतून गाळतो, झाकून ठेवतो. चार महिने तेच पाणी गाळून फिरवून वापरायचं. ते बिघडलं तर बदलायला दुसरं नाही.

त्या वर्षी शेडचा करार श्रावणानंतर संपत होता. एका रिसॉर्टवाल्याची जागेवर नजर होती. तो दोनदा येऊन गेला. पांढरे बूट, हातात दोन फोन. "मॅडम, तुमचा सेटअप एकदम झकास हाय. टाक्या ठेवू आपण. गेस्ट लोकांना दाखवायचं, जो आवडला तो उचलायचा, तिथंच फ्राय करून द्यायचा. तुम्हाला पण जॉब देऊ ना!" मी त्याला जे उत्तर दिलं ते संपादकांनी काढलं आहे.

पण पंचायतीत त्याचं वजन होतं आणि आमच्या हातात दाखवण्यासारखं काही नव्हतं. आधीच्या खेपांत थोडीच पिल्लं तगली होती. या खेपेला मात्र दोन टाक्या भरून पिल्लं नाचत होती, तळाशी बसायच्या बेताला आलेली. ती जगून शेतीवाल्यांच्या कुंपणात गेली तर करार मागायला आमच्याकडे तोंड होतं. नाही तर शेडच्या जागी तळणीचा वास.

सरपंच अण्णा आमच्या बाजूचे की त्याच्या, ते कळत नव्हतं. माणूस वाईट नाही. गावकीत शब्दाला मान आणि त्या मानाची सवय. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्याची मिरवणूक निघाली, समुद्राला नारळ दिला गेला, आणि परतताना अण्णांनी जाहीर केलं, "चला, बायांच्या टाकीची पन पूजा करू. गोगलगाय झाली तरी दर्याचीच लेक."

त्यांनी मान द्यायलाच हे केलं होतं. कराराबद्दल बोलायचं तर तिथे, पूजेनंतर बोलतील, असं हिरामावशीच्या कानावर आलं होतं. बँजो दारात वाजत राहिला आणि भिजलेल्या माणसांचा लोंढा आत शिरला. हातांना गुलाल, नारळाचं पाणी, तेलाचा वास. ताटात हळद-कुंकू, फुलं. अण्णांच्या हातात दुधाचा तांब्या. ते पहिल्या टाकीशी आले, वाकले आणि मोकळा उजवा हात पाण्याकडे नेला, आपण नदीला नमस्कार करताना नेतो तसा.

मी मधे उभी राहिले. "अण्णा, पाण्याला हात लावू नका."

बँजोवाल्याचा हात थांबला.  मी काय बोलले ते बोलून झाल्यावर मला कळलं. हा महाडच्या तळ्याचा जिल्हा आहे. या वाक्याचा इथे इतिहास आहे, आणि आजवर ते नेहमी एकाच दिशेने बोललं गेलं आहे. अण्णा कुठल्या घरचे आणि मी कुठल्या वाडीत राहते, हे शेडमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

मागून कुणीतरी म्हणालं, "बगा, कोन कोनाला सांगतंय!" काही जण हसले.

अण्णा हसले नाहीत. तांब्या तसाच धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश विचारलं, "का गो पोरी? आमचा विटाळ होतो काय तुझ्या पान्याला?"

माझ्या डोक्यात लहानपणी घडी घातलेली सगळी पत्रकं एकदम उघडली. कुठल्याही एका पत्रकातली चार वाक्यं बोलले असते तर आमच्या वाडीत माझं नाव झालं असतं. त्याच वेळी टाकीतली पिल्लं दिसत होती. मी वळले आणि मोरीजवळची बादली पुढे ओढली.

"होतो अण्णा. माझाही होतो. फक्त आमच्याकडचा विटाळ हात धुतला की जातो. हा साबण. नंतर साधं पाणी, नंतर हे खारं. मी रोज धुते, मगच आत हात घालते. तुम्ही धुवा, तुम्हीही घाला. दूध मात्र नको."

 मग हिरामावशी पदर खोचून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिच्याच माणसांची मिरवणूक होती, म्हणून तिला हे सोपं नव्हतं.

"अण्णा, दर्याला नारळ दिला, पावला तो. ह्या तर तान्ह्या पोरी हायत. तुमच्या नातीच्या बारशाला पोरीच्या तोंडात तांब्याभर दूध नि हलद-कुक्कू वतलंत काय? कपालाला बोट लावलंत ना? तसं बाहेरून टाकीला बोट लावा."

अण्णांनी टाकीच्या बाहेरच्या भिंतीला हळदीकुंकवाचं बोट लावलं. तांब्या फरीदाच्या हातात दिला. कराराचा शब्दही न काढता ते निघाले आणि त्यांच्यामागे मिरवणूक. फरीदा तांब्याकडे बघत म्हणाली, "दूध चांगलंय. चहा करू काय? खरा?" कुणीच हसलं नाही, म्हणून ती एकटीच हसली.

मग आमचं दुसऱ्या टाकीकडे लक्ष गेलं. आम्ही सगळ्या पहिल्या टाकीशी होतो तेव्हा कुणीतरी भक्तिभावाने मूठभर कुंकू आणि झेंडूच्या पाकळ्या त्या टाकीत वाहिल्या होत्या. वाईट हेतू नव्हता, हे मी आजही मानते. आम्ही पाकळ्या वेचल्या, पाणी उपसून गाळलं, साठवणीतलं जेवढं परवडेल तेवढं ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या टाकीत एकही नाचत नव्हती. तळाशी राखेसारखा पांढुरका थर. फरीदा बरणी घेऊन आली होती. ती तशीच परत घेऊन गेली.

मी टाकी धुतली नाही. रागाने नाही धुतली. वडिलांना फोन केला, तर ते म्हणाले, "पत्रक काढू का?" मी म्हटलं, "थांबा."

पुढे चार-पाच दिवसांनी पाऊस जरा उघडल्यावर एका सकाळी अण्णा एकटे आले. छत्री दारात मिटली, चपला काढल्या. मी काही बोलायच्या आत मोरीकडे गेले, साबण घेतला आणि कोपरापर्यंत हात धुतले. साधं पाणी, मग खारं. हात झटकत विचारलं, "आता चालंल?"

"चालेल."

मी त्यांना आधी मेलेली टाकी दाखवली. ते वाकून बघत राहिले. "ह्ये कुक्कवानं?"

"हो."

"आनी माजं दूध?"

"तसंच झालं असतं. या टाकीतही."

मग पहिल्या टाकीतलं थेंबभर पाणी भिंगाखाली ठेवलं. अण्णांनी एक डोळा मिटला, दुसरा लावला, पुन्हा बदलला. "ह्या चालतायत," ते म्हणाले. आमच्या नाचणाऱ्या तळाशी बसू लागल्या होत्या. नखाच्या टोकावर मावेल एवढा शंख पाठीवर घेऊन एक पिल्लू काचेवर सरकत होतं. "घर घेऊनच जल्मलीय की ही," अण्णा म्हणाले. त्यांनी पिसाने दोन पळपुट्या खालीही लोटल्या.

ग्रामसभेत रिसॉर्टवाला छापील चित्रं घेऊन आला होता. अण्णांनी ती नीट पाहिली आणि विचारलं, "तुमचं गेष्ट लोक टाकीत हात घालतील काय?"

"घालणारच ना अण्णा, तीच तर मजा."

"मंग न्हाय जमायचं."

करार आम्हाला मिळाला. एका वर्षाचाच, आणि पुढच्या वर्षी पुन्हा एकाच वर्षाचा. अण्णांनी शेडच्या दारात पक्कं बेसिन बसवून दिलं. त्यावर मोठ्या अक्षरांत रंगवलं आहे: 'सरपंच यांच्या सौजन्याने'. रोज सकाळी मी त्या सौजन्याने हात धुते आणि रोज मला हसू येतं.

'कोन कोनाला सांगतंय' म्हणणारा कोण होता, ते मला माहीत आहे. त्याने खाडीत कुंपण घातलं आहे आणि पिल्लं आमच्याकडूनच नेतो. त्या वाक्याबद्दल तो कधी बोलला नाही, मीही नाही. तेवढं माझ्या मनात सलतं. हात धुतल्याने सगळं जातं असं नाही. पण तो आला की आधी बेसिनपाशी थांबतो, आणि त्याच्या मागे रांगेत मी असले तर नळ बंद न करता माझ्यासाठी सोडतो.

पहिल्या टाकीतली पिल्लं कुंपणात गेली, मोठी झाली. थोड्या आम्ही खडकापलीकडे, जिथून त्यांच्या आया आल्या होत्या, तिथे समुद्रात सोडल्या. हिरामावशीने होडीतून एकेक हातात घेऊन खाली सोडली. लेक सासरी पाठवताना रडतात तशी ती रडली आणि मी विचारलं तर म्हणाली, "खारं पानी उडालं डोल्यात." माझ्या कामात मी पुष्कळ पिल्लं मेलेली पाहिली आहेत, आणि आणखी पाहीन. तरी त्या खडकापलीकडे आज वाळूत ज्या सोंडा वर येत असतील, त्यांतल्या काही आमच्या शेडमधल्या आहेत. हे मला कुणाही पुढे मान वर करून सांगता येतं.

आता दिवाळीची सुट्टी आहे. तुम्ही आमच्या किनाऱ्यांवर याल. ओहोटीला वाळूत ठिपक्यांचा शंख दिसेल, मुलं धावत घेऊन येतील. तो खिशात टाकण्याआधी उलटा करून बघा. तोंडाशी नखासारखं कडक झाकण असेल, तर दार आतून लावलेलं आहे. घरात कुणीतरी राहतं. मुलांना सांगा, आणि तो होता तिथे, पाण्यात, परत ठेवून या. टपरीवर विकत घेऊच नका. आणि आत राहणारी बघायचीच असेल तर आमच्या शेडवर या. दारात बेसिन आहे. आधी हात धुवा, कुणाचेही असोत.